मनिलात दहा सिनेमे: खिशाला किती पडतं?

दहा चित्रपटांच्या तिकिटांना साडेचार हजार रुपये, आणि ते बघायला जाण्या-राहण्याला पाऊण लाखाच्या वर. फिलिपिनो सिनेमा त्याच्या घरी जाऊन पाहायचा तर हिशेब साधारण असा बसतो. त्यामुळे काटकसर कुठे करायची आणि कुठे करायची नाही, हे निघण्याआधीच ठरवलेलं बरं. फिल्म सोसायटीत लिनो ब्रोकांचा ‘इन्सियांग’ पाहून थांबलेल्या आणि आज तिकडे काय चाललंय हे पाहायची ओढ असलेल्या मराठी प्रेक्षकासाठी हा तपशील. पेसोचा भाव सगळीकडे दीड रुपया धरला आहे.

जायचं कधी?

आजचा फिलिपिनो सिनेमा एका जागी, थोड्या दिवसांत पाहायचा तर पहिलं नाव सिनेमलाया महोत्सवाचं. ‘सिने’ आणि ‘मलाया’, म्हणजे मुक्त सिनेमा. २००५ साली कल्चरल सेंटर ऑफ द फिलिपिन्सच्या आधाराने तो सुरू झाला. पहिल्या वर्षी निवडलेल्या प्रत्येक दिग्दर्शकाला पाच लाख पेसो मिळाले होते. आजच्या भावाने ते साडेसात लाख रुपये होतात आणि तेवढ्यात पूर्ण लांबीचा चित्रपट उभा करायचा होता. या महोत्सवातून पुढे आलेला कार्ल जोसेफ पापा यांचा ‘इती मापुक्पुकाव’ हा अ‍ॅनिमेशनपट २०२३ मध्ये इथे सर्वोत्कृष्ट ठरला आणि देशाची ऑस्कर प्रवेशिका म्हणून गेला.

सिनेमलाया बरीच वर्षं ऑगस्टमध्ये व्हायचा. २०२५ मध्ये तो ३ ते १२ ऑक्टोबरला झाला. कल्चरल सेंटरची मुख्य इमारत जानेवारी २०२३ पासून दुरुस्तीसाठी बंद झाली, त्यामुळे जागाही बदलत गेली: २०२४ मध्ये आयाला मॉल्स मनिला बे, २०२५ मध्ये शांग्री-ला प्लाझातली रेड कार्पेट थिएटरं. म्हणून तारखा आणि जागा जाहीर झाल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.

ते जमलं नाही तर नोव्हेंबरात क्यूझॉन सिटीत क्यूसिनेमा हा महोत्सव असतो. २५ डिसेंबरपासून मेट्रो मनिला फिल्म फेस्टिव्हलच्या काळात देशभरच्या चित्रपटगृहांत फक्त महोत्सवातले देशी चित्रपट लागतात. मराठी चित्रपटाला पडदा मिळावा म्हणून झगडणाऱ्या प्रत्येकाने एकदा पाहावी अशी ही व्यवस्था. मात्र तिथे भर लोकप्रिय चित्रपटांवर असतो.

तिकीट

मनिलातल्या मॉलमध्ये एरवीचं तिकीट साधारण ३५० ते ४५० पेसोंना पडतं. महोत्सवात ते सहसा त्याहून स्वस्त, दोनशे ते तीनशेच्या आसपास मिळतं. आपण ३०० धरू. दहा चित्रपटांचे झाले ३,००० पेसो, म्हणजे ४,५०० रुपये.

हा आकडा तिथल्या माणसासाठी किती मोठा आहे, तेही लक्षात घ्या. जुलै २०२५ पासून मेट्रो मनिलातलं किमान वेतन दिवसाला ६९५ पेसो आहे. म्हणजे मॉलमधलं एक तिकीट काढायला अर्ध्याहून जास्त दिवसाची मजुरी जाते. म्हणूनच २०२४ मध्ये मेट्रो मनिला महोत्सवाच्या पन्नाशीनिमित्त पन्नास चित्रपट पन्नास पेसोंत दाखवले गेले, ते मोलाचं होतं. अशा योजना आणि फिल्म डेव्हलपमेंट कौन्सिलच्या सिनेमाथेकमधले खेळ यांच्यावर लक्ष ठेवा. सप्टेंबर हा तिथे अधिकृत चित्रपट-उद्योग महिना आहे, तेव्हा खास खेळ हमखास असतात.

तिकिटाबाबत आणखी चार गोष्टी:

• ज्येष्ठ नागरिकांना वीस टक्के सवलत अशी पाटी दिसेल. ती कायद्याने फिलिपिनो ज्येष्ठांसाठी आहे, आपलं आधार कार्ड तिथे चालत नाही.

• एरवी मॉलमध्ये लागणाऱ्या टागालोग चित्रपटांना इंग्रजी उपशीर्षकं असतीलच असं नाही. महोत्सवात ती बहुधा असतात, कारण तिथल्या प्रेक्षकालाही त्यांची गरज पडते. सिनेमलायाचा २०२४ चा विजेता ‘तुमांदोक’ आती या आदिवासी समाजावर आहे, त्याची भाषा टागालोग नसल्याने मनिलाच्या प्रेक्षकालाही तो उपशीर्षकं वाचतच पाहावा लागतो.

• मुलं बरोबर असतील तर प्रमाणपत्र बघा: जी, पीजी, आर-१३, आर-१६, आर-१८. वयाचा पुरावा जवळ ठेवा.

• दिग्दर्शक लाव्ह दियास यांच्या चित्रपटाचा खेळ मिळाला तर सोडू नका. २०१६ मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह मिळवणारा त्यांचा ‘आंग बाबाएंग हुमायो’ २२६ मिनिटांचा आहे. त्यांचे काही चित्रपट याच्या दुपटीने लांब आहेत. त्या दिवशी दुसरं तिकीट काढू नका, आधी पोटभर जेवून जा.

विमान, व्हिसा, विमा

८ जून २०२५ पासून भारतीय पर्यटकांना फिलिपिन्समध्ये १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, परतीचं तिकीट, हॉटेलचं आरक्षण आणि पुरेशा पैशांचा पुरावा जवळ हवा. १४ दिवसांची ही मुदत वाढवून मिळत नाही. निघण्याआधीच्या ७२ तासांत ई-ट्रॅव्हल नोंदणी करावी लागते. ती मोफत आहे. त्यासाठी पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर बंद करा.

दिल्लीहून मनिलाला एअर इंडियाने १ ऑक्टोबर २०२५ पासून थेट सेवा सुरू केली. मुंबईहून सिंगापूर, क्वालालंपूर, बँकॉक किंवा हाँगकाँगला विमान बदलून जावं लागतं. लवकर काढलं तर जाऊन-येऊन चाळीस हजार धरा. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा काळ असतो आणि उड्डाणं रद्द होतात, म्हणून हजारभर रुपयांचा प्रवास विमा काढाच.

राहणं आणि फिरणं

खर्चाची खरी लढाई इथे आहे. मनिलाची वाहतूक-कोंडी मुंबईकरालाही दमवते. हॉटेल स्वस्त मिळालं आणि ते लांब असलं, तर टॅक्सीत पैसे जातात आणि एखादा खेळही हुकतो. एमआरटी-३ या रेल्वेच्या मार्गावर खोली घ्या. शांग्री-ला प्लाझा या मार्गावरच्या शॉ बुलेव्हार्ड स्थानकाला लागून आहे, आणि क्यूसिनेमाचे खेळ जिथे होत आले तो गेटवे मॉल कुबाओ स्थानकाजवळ आहे. रेल्वेचं भाडं १३ ते २८ पेसो. जीपनी या तिथल्या सामायिक गाडीचं किमान भाडं ऑक्टोबर २०२३ पासून १३ पेसो झालं. रात्रीच्या शेवटच्या खेळानंतर मात्र ग्रॅब या अ‍ॅपवरून टॅक्सी बोलवा.

साधी स्वच्छ खोली साधारण ३,००० पेसो, वसतिगृहातली खाट ८०० च्या आसपास.

परदेशी कार्डावर एटीएममधून पैसे काढले की दर वेळी २५० पेसो शुल्क लागतं. रोज थोडे थोडे काढत बसू नका, एकदाच पुरेसे काढा.

जेवण

‘तुरो-तुरो’ म्हणजे बोट दाखवून पदार्थ मागायची साधी खानावळ. १०० ते १५० पेसोंत भात आणि कालवण मिळतं. शाकाहारी मंडळींनी इथे सावध राहावं. पिनाकबेत हे वांगी, भेंडी, कारलं, भोपळ्याचं कालवण वरून अगदी आपल्या घरचं वाटतं, पण त्यात बागोओंग म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा असतो. ‘वलांग कार्ने, वलांग इस्दा, वलांग बागोओंग’ हे पाठ करा: मांस नको, मासे नकोत, बागोओंग नको. लसणीचा परतलेला भात, सिनांगाग, बहुतेक ठिकाणी मिळतो. मॉलमधलं जेवण दोनशे-तीनशेला पडतं. दिवसाला ७०० पेसो पुरतात.

एका माणसाचा हिशेब: सहा रात्री, दहा चित्रपट

• तिकिटं: ३,००० पेसो, ४,५०० रुपये
• खोली: १८,००० पेसो, २७,००० रुपये
• जेवण: ४,२०० पेसो, ६,३०० रुपये
• शहरातला प्रवास, विमानतळ धरून: १,७०० पेसो, २,५५० रुपये
• सिमकार्ड आणि एटीएम शुल्क: ७५० पेसो, १,१२५ रुपये
• विमान: ४०,००० रुपये
• विमा: १,००० रुपये

एकूण ८२,४७५ रुपये. खोलीऐवजी खाट घेतली तर १९,८०० वाचतात आणि खर्च ६२,६७५ वर येतो. खोली दोघांत घेतली तर प्रत्येकी १३,५०० वाचतात.

कात्री कुठे लावायची?

या यादीत तिकिटांचा वाटा शंभरात साडेपाच रुपयांचा आहे. बजेट ओढाताणीचं झालं की आधी खोली बदला, मग ग्रॅब कमी करा, मॉलचं जेवण टाळा. तिकिटं शेवटपर्यंत जपा.

त्यातही दोन-तीन तिकिटं ठरवून अनोळखी नावांवर खर्च करा. ब्रिलान्ते मेंदोसा यांना २००९ मध्ये कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा मान मिळाला, त्यांचे चित्रपट पुढेही कुठे ना कुठे मिळतील. एखाद्या नवख्या दिग्दर्शिकेचा इलोकानो किंवा सेबुआनो भाषेतला पहिला चित्रपट मात्र महोत्सवानंतर पुन्हा पडद्यावर दिसेलच असं नाही. त्याच्या कामाच्या दिवशीच्या दुपारच्या खेळाला जा. खुर्च्या बऱ्याच रिकाम्या असतील आणि तुमच्या ३०० पेसोंचं मोल तिथे सर्वांत जास्त असेल.

जाताना शाल घ्या, थिएटरात गारठा जबर असतो. दिवसाच्या पहिल्या खेळाआधी राष्ट्रगीत लागलं तर आपल्याकडच्यासारखंच उभं राहा. खेळ संपल्यावर दिवे लागले की लगेच उठू नका, दिग्दर्शक आणि कलाकार बऱ्याचदा बोलायला थांबतात. त्यांना ‘सलामात पो’ म्हणा. सलामात म्हणजे आभार, आणि ‘पो’ लावला की आपल्या ‘अहो’सारखा मान दिला जातो. घरापासून इतक्या लांबून आलेल्या प्रेक्षकाने तो दिलेला त्यांना नक्की आवडेल.