जुन्या ट्रॅक्टरचे झिजलेले नोझल : पारख व बदल

वडीगोद्री (ता. अंबड) भागात जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, तसे ट्रॅक्टरचे काम वाढले. नांगरणी, सरी काढणे व उसाची वाहतूक ही कामे पुष्कळ ठिकाणी जुनेच ट्रॅक्टर करीत आहेत. असा ट्रॅक्टर ओढीला कमी पडू लागला, काळा धूर ओकू लागला, की ‘इंजिन म्हातारे झाले’ असे म्हणून शेतकरी बंधू तो तसाच चालवितात. पुष्कळदा दोष इंजिनाच्या वयात नसून नोझलमध्ये असतो.

नोझलचे काम म्हणजे पंपाकडून आलेल्या डिझेलचे धुक्यासारखे तुषार सिलिंडरमध्ये सोडणे. जुन्या ट्रॅक्टरांत ते दर चौरस सेंटिमीटरला साधारणतः दोनशे किलोच्या आसपास दाब आला म्हणजे उघडते. पुढील चाकातील हवेच्या दाबाच्या हा सुमारे शंभरपट होय. आतील सुई व तिची बैठक झिजली, अथवा स्प्रिंग ढिली पडली, की तुषारांऐवजी थेंब पडतात. हे डिझेल पूर्ण जळत नाही. डिझेलची नासाडी तर होतेच, परंतु त्याहून मोठी हानी दिसत नाही. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरील वंगण धुऊन खाली ऑईलमध्ये उतरते, ऑईल पातळ होते आणि क्रँकच्या बेअरिंगा झिजतात. डिपस्टिकवर ऑईलची पातळी वाढलेली दिसली व त्यास डिझेलचा वास आला, तर ट्रॅक्टर त्याच दिवशी थांबवावा. अखंड थेंब पडत राहिल्यास पिस्टनचा माथाही जळून जातो.

तथापि केवळ धुरावरून नोझल बदलू नये. उसाच्या व कपाशीच्या हंगामात धुरळ्याने एअर फिल्टर कोंदला तरी काळाच धूर येतो. प्रथम तो व डिझेल फिल्टर पाहावा. त्यानंतर इंजिन हळू चालू ठेवून एका वेळी एकाच नोझलच्या पाईपचा नट फडके धरून थोडा सैल करावा. चांगल्या सिलिंडरचा नट सैल होताच इंजिनाची चाल बिघडते. ज्याने काहीच फरक पडत नाही, तेथे संशय धरावा. ही पारख जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनापुरतीच आहे. नव्या कॉमन रेल इंजिनात पाईप सैल करणे जिवावर बेतू शकते.

संशयित नोझल काढून पंप-नोझलच्या दुकानात दाबयंत्रावर तपासून घ्यावे. यंत्रावरील फवाऱ्यासमोर हात धरण्याचा मोह काहींना होतो. तो तुषार कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे.

सुई व तिची नळी ही जोडी कारखान्यात एकमेकांस घासून जुळविलेली असते. म्हणून एकाची सुई दुसऱ्यात घालू नये. जोडीच बदलावी व दाब पुस्तिकेत दिल्याप्रमाणे बसवून घ्यावा. एकच नोझल निकामी आढळले तरी बाकीची त्याच वेळी तपासावीत, कारण त्यांनीही तितकेच तास काम केलेले असते. छिद्रे तारेने कोरून साफ करण्याची पद्धत सर्वथा वाईट होय.

बसविताना स्वच्छता सर्वांत महत्त्वाची. काढण्यापूर्वीच भोवतालची माती धुऊन टाकावी व उघडी तोंडे स्वच्छ बुचांनी बंद करावीत. चिंध्यांचे धागे आत जातात. जुने तांब्याचे वायसर पुष्कळदा बैठकीतच चिकटून राहते. ते न काढता वर नवे घातल्यास नोझल उंच बसते व गॅस गळतो. दोन्ही नट आळीपाळीने, सारखे आवळावेत. पाईप वाकवू नये.

शेवटी हातपंपाने हवा काढावी. नोझलकडील नट सैल ठेवून इंजिन फिरवावे व तेथे बुडबुड्यांवाचून डिझेल आले म्हणजे ते आवळावेत. ऑईलमध्ये डिझेल उतरले असल्यास ऑईल व त्याचा फिल्टर इंजिन सुरू करण्यापूर्वीच बदलावा. मग दहा मिनिटे चालवून प्रत्येक सांधा गळतीसाठी पाहावा, आणि मगच ट्रॉली जोडावी.