वस्तू का तरंगते, का बुडते? : घनतेचा एक पाठ



आपल्या परभणी जिल्ह्यातील खेड्यांत घरोघरी नळ येण्यापूर्वी पिण्याचे पाणी आडाचे असे. ज्यांनी आडातून पोहरा शेंदला आहे, त्यांना एक अनुभव नक्की आला असेल. भरलेला पोहरा पाण्यात असेपर्यंत दोर हलका लागतो. तोच पोहरा पाण्याबाहेर आला की हाताला ओढ बसते. पोहरा तोच, पाणीही तेवढेच. मग वजन वाढले कोठून? वजन वाढलेले नसतेच. पोहरा पाण्यात असताना पाणी त्याला खालून उचलून धरते. या वर उचलणाऱ्या बलास प्लावक बल म्हणतात.

हे बल किती असते, याचा नियम इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिराक्यूज येथील आर्किमिडीज या शास्त्रज्ञाने सांगितला. वस्तू पाण्यात बुडाली म्हणजे ती आपल्या जागेचे पाणी बाजूला सारते. त्या बाजूला सारलेल्या पाण्याचे जेवढे वजन, तेवढेच प्लावक बल. वस्तूचे वजन या बलापेक्षा जास्त असेल तर ती बुडते. नसेल तर तरंगते.

पुष्कळ विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितात, 'जड वस्तू बुडते व हलकी तरंगते.' हे उत्तर चुकीचे आहे. क्विंटलभर वजनाचा वाळलेला सागाचा ओंडका गोदावरीत तरंगत जातो आणि दोन ग्रॅमचा खिळा तळाला जातो. म्हणून नुसते वजन पाहून चालत नाही; तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याशी तुलना करावी लागते. वस्तुमानाला आकारमानाने भागले की घनता मिळते. एक घन सेंटिमीटर पाण्याचे वस्तुमान १ ग्रॅम, लोखंडाचे सुमारे ७.८ ग्रॅम, बर्फाचे सुमारे ०.९२ ग्रॅम व शेंगदाणा तेलाचे सुमारे ०.९१ ग्रॅम असते. यावरून पाण्यावर काय तरंगेल हे आपणच सांगा.

आता घरी दोन प्रयोग करा.

प्रयोग पहिला : स्टीलची वाटी बादलीतील पाण्यावर अलगद ठेवा. ती तरंगेल. तीच वाटी तिरपी करून पाण्याने भरू द्या, ती बुडेल. पोलाद बदलले नाही, वाटीतील हवेची जागा पाण्याने घेतली. वाटी व तिच्यातील हवा मिळून सरासरी घनता पाण्याहून कमी होती, ती आता जास्त झाली. लोखंडी जहाज याच कारणाने तरंगते.

प्रयोग दुसरा : पेल्यातील पाण्यात बटाट्याचा तुकडा टाका. तो बुडेल. आता मीठ विरघळवीत जा. काही वेळाने तुकडा वर येईल, कारण पाण्याची घनता वाढली. शेतकरी हेच तत्त्व वापरतात. बाजरीच्या अरगट रोगापासून बचावासाठी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बियाणे ओततात. रोगट व पोचट दाणे वर तरंगतात, ते काढून टाकतात. तळाचे भरीव बी स्वच्छ पाण्याने दोनतीन वेळा धुऊन, सावलीत वाळवून पेरतात.

आता जिवाशी गाठ असलेला भाग. विहिरीत, शेततळ्यात किंवा नदीत कोणी बुडाले की 'आसरांनी ओढले', 'विहिरीने बळी घेतला' असे गावात बोलले जाते. आम्ही विचारतो, मग प्रेत नंतर वर का येते? उत्तर घनतेत आहे. शरीर कुजताना आत वायू तयार होतात, आकारमान वाढते व घनता कमी होते. जिवंत माणसाची घनता पाण्याच्या अगदी जवळपास असते. छाती भरून श्वास घेतला तर बहुतेकांची घनता पाण्याहून किंचित कमी होते, श्वास सोडला की किंचित जास्त. घाबरलेला माणूस ओरडतो, म्हणजे हवा सोडतो. हात वर करतो, म्हणजे पाण्याचा आधार मिळणारा भाग पाण्याबाहेर काढतो. तेवढ्याने तोंड पाण्याखाली जाते. ओढणारे कोणी नसते.

आपले वाडवडील पोहणे शिकवताना पोराच्या पाठीला वाळलेला भोपळा किंवा झाकणबंद डबा बांधीत, ते उगीच नव्हे. पाच लिटरचा रिकामा, घट्ट झाकणाचा कॅन पूर्ण बुडाला तर पाच किलो पाणी बाजूला सारतो. कॅनचे स्वतःचे वजन वजा जाता साडेचार किलोच्या आसपास आधार उरतो. शरीर पाण्यात जवळजवळ तोललेलेच असते. म्हणून तोंड वर राहण्यास एवढा आधार पुरतो. तेव्हा कोणी बुडताना दिसल्यास पोहता येत नसताना उडी घेऊ नका. एकाचे दोन जीव जातात. मोठ्याने हाका मारून माणसे बोलवा आणि दोर बांधलेला रिकामा कॅन किंवा घागर त्याच्याजवळ फेका. शेततळ्याच्या व विहिरीच्या काठी असा कॅन दोरासह कायम टांगून ठेवावा, एवढे काम आपल्या गावातील विद्यार्थ्यांनी या सुट्टीत करावे, अशी आमची विनंती आहे.

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. विज्ञानाचेही तसेच आहे. नियम पाठ करून पेपर सुटेल. पण समजून घेतलेला नियमच विहिरीच्या काठावर वेळेला आठवेल.