निवृत्ती नोकरीला, पाचारणाला नव्हे

शिक्षकदिनानिमित्त अभ्यासपाठ



५ सप्टेंबर हा शिक्षकदिन. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या जन्मदिनी आपल्या देशात तो १९६२ सालापासून साजरा होतो. त्याच तारखेला ख्रिस्तसभा कोलकात्याच्या संत मदर तेरेसा यांचा सण पाळते. मदर तेरेसा या आधी अनेक वर्षे शाळेत शिकवीत होत्या, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून या दिवशी शिक्षकांना गुलाबाचे फूल देण्याबरोबरच शिक्षकाच्या पाचारणाचा थोडा विचार करू या.

आपल्या ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरात असे ख्रिस्ती कुटुंब क्वचितच सापडेल, ज्यात एखादी शिक्षिका किंवा शिक्षक नाही. महाराष्ट्रातील शाळांत शिक्षकाला वयाच्या ५८व्या वर्षी निवृत्त व्हावे लागते. निरोप समारंभ होतो, शाल आणि श्रीफळ मिळते, मुले रडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र हजेरीपट नसतो, घंटा नसते आणि वाट पाहणारा वर्गही नसतो. "आता माझा काय उपयोग?" हा प्रश्न पुष्कळ निवृत्त शिक्षकांच्या मनात येतो. तो बोलून दाखवला जात नाही, पण मनाला पोखरतो. आजचा पाठ या प्रश्नाविषयी आहे.

१. शिकवणे हे कृपादान आहे

संत पौल ख्रिस्तसभेला मिळालेल्या दानांची यादी देतो, तेव्हा प्रेषित आणि संदेष्टे यांच्यानंतर शिक्षकांचे नाव घेतो (१ करिंथ १२:२८). रोमकरांस पत्रातही तो सांगतो की ज्याला शिकवण्याचे दान मिळाले आहे त्याने ते शिकवण्यासाठी वापरावे (रोम १२:७). हे दान शिक्षण खाते देत नाही, म्हणून ते खात्याला परतही घेता येत नाही. डी. एड., बी. एड. या पदव्यांनी आपण नोकरीस पात्र होतो. पाचारण मात्र देवाकडून येते आणि त्याची मुळे आपल्या स्नानसंस्कारात असतात.

येथे एक खुलासा केला पाहिजे. शिकवणे हे पाचारण आहे असे म्हणून शिक्षकाला तुटपुंज्या पगारावर राबवणे हे ख्रिस्ती वागणे नव्हे. कामकरी आपल्या मजुरीला पात्र आहे, हे प्रभू येशूचेच सांगणे आहे (लूक १०:७). विनाअनुदानित तुकड्यांवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या शिक्षकांच्या बाबतीत शाळा चालवणाऱ्यांनी हे वचन विसरू नये.

२. शिक्षक योहान

टेंभी नाका परिसरातील आपले चर्च संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावाने ओळखले जाते. योहानाला आपण संदेष्टा म्हणून ओळखतो, पण लोक त्याला 'गुरुजी' म्हणूनही हाक मारत. शुभवर्तमान उघडून पाहा. जकातदार त्याच्याकडे येतात आणि गुरुजी अशी हाक मारून आम्ही काय करावे असे विचारतात (लूक ३:१२). त्याची शिकवण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. साधे लोक, जकातदार आणि शिपाई असे तीन गट एकच प्रश्न विचारतात. योहान प्रत्येकाला त्याच्या कामाधंद्याप्रमाणे वेगळे उत्तर देतो. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा, जकातदाराने ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नये, शिपायाने कोणाला लुबाडू नये. चांगल्या शिक्षकाला समोरचा विद्यार्थी कोण आहे हे कळते.

योहानाने आपल्या शिष्यांना प्रार्थना करायलाही शिकवले होते. तसे शिक्षण आम्हालाही द्या, अशी मागणी प्रभूच्या शिष्यांनी केली आणि त्यातून आपल्याला प्रभूची प्रार्थना मिळाली (लूक ११:१). मग एके दिवशी योहान आपल्या दोन शिष्यांना येशूकडे बोट दाखवतो आणि ते दोघे त्याला सोडून येशूच्या मागे जातात (योहान १:३५-३७). आपल्या हाताखालचे विद्यार्थी दुसऱ्याकडे गेले म्हणून तो खट्टू होत नाही. येशूची वाढ व्हावी आणि आपण लहान होत जावे, यातच त्याला आनंद वाटतो (योहान ३:२९-३०).

पुढे हेरोदाने त्याला तुरुंगात टाकले. आता लोकसमुदाय नाही, यार्देन नदी नाही. तरी भेटायला आलेल्या शिष्यांना तो येशूकडे पाठवतो (मत्तय ११:२-३). निवृत्त शिक्षकाने हे दृश्य डोळ्यांसमोर ठेवावे. वर्ग गेला, तरी येशूकडे वाट दाखवण्याचे काम गेले नाही.

३. साष्टीचे पाद्रीगुरू

आता आपल्या मराठी भाषेतील एक उदाहरण पाहू. फादर थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९च्या सुमारास इंग्लंडमध्ये झाला. त्या काळी तेथे कॅथलिकांचा छळ होत होता. ते रोमला गेले, येशूसंघात दाखल झाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी जहाजाने गोव्यास पोहोचले. त्यानंतर सुमारे ४० वर्षे त्यांनी मुख्यत: गोव्यातील साष्टी भागात सेवा केली. आपले जुने ठाणे ज्या बेटावर वसले आहे, त्या साष्टीचे आणि या साष्टीचे नाव एकच, पण प्रांत वेगळे.

तिकडे त्यांनी आधी विद्यार्थी होऊन लोकांची कोकणी आणि मराठी शिकून घेतली. त्यांचा 'ख्रिस्तपुराण' हा ग्रंथ कसा जन्मला, हे त्या ग्रंथाच्या आरंभीच येते. धर्मशिक्षण चालू असताना एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने पाद्रीगुरूंना विचारले की जुनी पुराणे वाचायला आम्हाला मनाई आहे, मग त्यांच्या जागी वाचायला आम्हाला काही का देत नाही? दुसरा एखादा असता तर त्याने "आधी पाठ म्हण" असे सांगून गप्प केले असते. फादर स्टीफन्स यांना त्या प्रश्नात खरी भूक दिसली. उत्तर म्हणून त्यांनी मराठी ओवीत जुन्या आणि नव्या कराराची कथा लिहिली. तिच्या ओव्या जवळजवळ ११ हजार भरतात. त्या वेळी देवनागरीचे छापखाने नव्हते, म्हणून १६१६ साली राशोल येथे हा ग्रंथ रोमन लिपीत छापला गेला.

आता वयाचा हिशेब करा. ग्रंथ छापून झाला तेव्हा फादर स्टीफन्स यांचे वय ६७च्या आसपास होते. आपल्या सेवानियमांप्रमाणे ते ९ वर्षांपूर्वीच घरी बसले असते! १६१९ साली त्यांचे निधन झाले. त्यांचे धर्मशिक्षणाचे पुस्तक १६२२ साली आणि कोकणीचे व्याकरण १६४० साली निघाले, म्हणजे दोन्ही त्यांच्या मृत्यूनंतर. 'ख्रिस्तपुराण' मंगळूरच्या ख्रिस्ती घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचले आणि गायले गेले. तेथेच १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी ते पुन्हा छापले आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले. एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाला दिलेले उत्तर ४०० वर्षे शिकवीत राहिले आहे.

४. काठीने जमिनीवर लिहिलेली अक्षरे

मदर तेरेसा १९३१ पासून कोलकात्याच्या एंटाली भागातील सेंट मेरीज शाळेत शिकवीत होत्या आणि १९४४ साली त्या मुख्याध्यापिका झाल्या. १९४८ साली, वयाच्या ३८व्या वर्षी, त्या शाळेच्या भिंतींबाहेर आल्या. मोतीझील वस्तीत त्यांनी मुले गोळा केली. फळा नव्हता, खडू नव्हता, इमारतही नव्हती. काठीने जमिनीवर अक्षरे काढून त्यांनी शिकवायला सुरुवात केली. मुख्याध्यापिकेची खुर्ची सुटली, पण शिक्षिका सुटली नाही. ज्याला पाचारणाची ओळख पटली, त्याला शिकवण्यासाठी समोर एक मूल पुरे होते.

५. वर्गात येशूचे नाव घेता येत नसेल तर?

आपले अनेक शिक्षक महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत आहेत. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांत धर्मशिक्षण देता येत नाही, असे आपल्या राज्यघटनेचे २८वे कलम सांगते आणि आपण ते मनापासून पाळतो. मग अशा वर्गात ख्रिस्ती पाचारण कुठे दिसते? पोप सहावे पॉल यांनी १९७५ साली लिहिले होते की आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचे अधिक ऐकतो. मागच्या बाकावरच्या मुलाला नावाने हाक मारणे, नापास झालेल्याला चारचौघांत न हिणवणे, शिकवणीला येणाऱ्या आणि न येणाऱ्या मुलाला समान गुण देणे, ही आपली साक्ष आहे. हजेरी घेताना प्रत्येक नावाबरोबर मनातल्या मनात एक छोटी प्रार्थना करता येते. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

६. आपल्या घरात, आपल्या धर्मग्रामात

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालच्या ख्रिस्ती शिक्षणाविषयीच्या जाहीरनाम्यात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले आहे. तिमथीला श्रद्धा मिळाली ती आजी लोईस आणि आई युनिके यांच्याकडून (२ तिमथी १:५). त्यांच्याकडे पदवी नव्हती. म्हणजे हे पाचारण घराघरांत आहे.

आज आईवडील पहाटेची लोकल पकडतात आणि रात्री थकून परततात. मुले इंग्रजी शाळेत जातात. आजी-आजोबांची प्रार्थना मराठीत आणि नातवंडांची इंग्रजीत, अशी एकाच घरात दोन टोके झाली आहेत. इंग्लंडहून आलेल्या एका धर्मगुरूने आपल्यासाठी मराठी शिकून घेतली. आपण नातवंडांना 'हे आमच्या स्वर्गातील बापा' मराठीत म्हणायला शिकवू शकणार नाही का? आणि त्यांना उमगत नसेल तेथे त्यांच्या भाषेत समजावून सांगू शकणार नाही का?

रविवारच्या कॅटेकिझम वर्गाला अनुभवी शिक्षकांची गरज असते. हे काम कमी दर्जाचे नाही. पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ रोजी प्रेषितीय पत्र काढून धर्मशिक्षकाच्या सेवेला ख्रिस्तसभेत अधिकृत स्थान दिले. निवृत्त शिक्षकांनो, तुमच्याकडे ३० वर्षांचा अनुभव आहे. आठवड्यातून एक तास द्या. तेही जमत नसेल तर शेजारच्या चाळीतील वा इमारतीतील दहावीच्या एखाद्या मुलाला गणित शिकवा, मग तो कोणत्याही धर्माचा असो. पायऱ्या चढवत नसतील तर जुन्या विद्यार्थ्याला फोन करून त्याची चौकशी करा. "आता माझा काय उपयोग?" या प्रश्नाचे उत्तर शिकायला बसलेल्या त्या मुलाच्या चेहऱ्यावर मिळेल.

चिंतनासाठी प्रश्न

१. माझ्या श्रद्धेच्या वाढीत कोणत्या शिक्षकाचा हात आहे? मी त्यांना कधी भेटलो किंवा त्यांच्यासाठी प्रार्थना केली का?

२. माझ्या मुलाने किंवा नातवाने श्रद्धेविषयी विचारलेला शेवटचा प्रश्न कोणता? मी त्याचे उत्तर दिले की टाळले?

३. या आठवड्यात मी कोणाला, काय आणि किती वेळ शिकवू शकतो?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आमचा एकमेव गुरू आहेस. ज्यांनी आम्हाला अक्षर आणि प्रार्थना शिकवली, त्यांना आशीर्वाद दे. जे आज वर्गात उभे आहेत त्यांना धीर आणि माया दे. जे निवृत्त झाले आहेत त्यांना तुझ्या कामाची नवी हाक ऐकू येऊ दे. संत योहान बाप्तिस्ताप्रमाणे आम्हीही मुलांना तुझ्याकडे नेऊन आनंदाने मागे सरावे, असे कर. आमेन.