आधी कान, मग पाय

अगं, आता तू स्वतः शिकवतेस म्हणून सांगते. मुलीकडून देब्युसी बसवून घ्यायचा असेल, तर पहिल्या दिवशी पुस्तक उघडूच नकोस. तिला उजवं पेडल अगदी सावकाश दाबायला लाव. नाद नेमका कुठे धरतो, ते तिच्या तळपायाला कळू दे. दर पियानोत ती जागा वेगळी असते. मग डाव्या टोकाकडचा एक जाड स्वर, त्यावर वरचे चारपाच स्वर, आणि पेडल जेमतेम उचलून लगेच परत दाबायचं. वरच्या आखूड तारा फेल्ट टेकताच गप्प होतात, खालच्या जाड तारा गुणगुणत राहतात. हे अर्धं पेडल. देब्युसीनं पेडलच्या खुणा फारशा लिहिल्याच नाहीत, त्यामुळे किती उचलायचं हे कानालाच ठरवावं लागतं.

सुरुवातीच्या वर्षांत माझी मोठी चूक व्हायची. ‘हळू, धुक्यासारखं’ असं मी सांगायचे आणि मुलं पट्ट्या अर्ध्यावरच सोडायची. निम्मे स्वर उमटायचेच नाहीत, उरलेले पेडलमध्ये कालवले जायचे. पट्टी तळापर्यंत गेलीच पाहिजे, फक्त सावकाश गेली पाहिजे. बोट पट्टीला टेकलेलं, मनगट सैल. आधी सगळं पेडलशिवाय वाजवून घे. एकेक स्वर निवळ ऐकू आला, तरच पाय ठेवू दे.

धडा म्हणून ‘व्वाल’ घे, १९१० च्या पहिल्या प्रेल्युद-संग्रहातला दुसरा. आपल्याकडची मुलं पेटीवर बसलेली असतात, त्यांना त्यांच्याच भाषेत सांग: पांढरी एकचा सा धरला तर सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. पंचम नाही, शुद्ध मध्यम नाही, त्यामुळे टेकायला जागाच नाही. खाली मात्र काळी पाच तानपुऱ्यासारखी पुन्हा पुन्हा वाजत राहते. वरचे स्वर कितीही बदलले तरी ती विझता कामा नये. अर्ध्या पेडलची खरी परीक्षा इथे होते. मध्येच थोडा वेळ सगळं काळ्या पट्ट्यांवर जातं, भूपाचे स्वर हाताखाली येतात. तिथे मुली खुलतात आणि जोरात वाजवायला लागतात. खुलू दे, पण बोटं आपटू देऊ नकोस.

लय सैल पडू देऊ नकोस. जिथे रेंगाळायचं तिथे त्यानं ‘सेदे’ असं स्वतः लिहिलंय.

आणि रचनेचं नाव तिला आधी सांगू नकोस. देब्युसीनं या प्रेल्युदांची नावं शेवटी, कंसात छापली आहेत. ‘व्वाल’ म्हणजे शिडंही आणि तलम पडदेही. शेवटचे दोन स्वर वाजले की तिचे हात मांडीवर, पाय पेडलवरच. नाद पुरता विरला की ‘संपला’ असं तिनंच म्हणायचं. मग पानाच्या तळाशी बोट ठेव आणि नाव वाचायला सांग.