शौलाचे चिलखत आणि अंगावरचे यंत्र

(प्रौढ वर्ग व शब्बाथशाळा शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

शास्त्रभाग : १ शमुवेल ९:२, १७:३८-४०. अनुवाद २२:८, २४:६. निर्गम ५:६-९. योहान ५:१-९. २ शमुवेल ९.

दावीद गल्याथाशी लढावयास निघाला तेव्हा शौल राजाने आपली वस्त्रे, टोप आणि चिलखत त्याच्या अंगावर चढविले. राजाने हे चांगल्या मनाने केले. परंतु दावीद चालून पाहतो, याची आपल्याला सवय नाही असे राजाला तोंडावर सांगतो आणि सर्व काढून ठेवतो. हा भाग शिकविताना आपण बहुधा घाईने गोफणीकडे धावतो. या पाठात मात्र आपण त्या काढून ठेवलेल्या चिलखतापाशीच थांबणार आहोत. कारण माणसाच्या अंगावर चढवावयाचे एक नवे चिलखत आता जगात आले आहे.

त्याला एक्सोस्केलेटन म्हणतात. आपण यंत्रसांगाडा म्हणू. कमरेला व पायांना तो पट्ट्यांनी बांधतात. सांध्यांपाशी मोटारी असतात, बॅटरी असते, आणि शरीराचा कल ओळखून यंत्र पाऊल उचलते. १९६५ च्या सुमारास अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने हार्डिमन नावाचा असा सांगाडा करावयास घेतला. त्याचे वजन सुमारे ६८० किलो होते आणि तो पूर्णपणे कधीच चालला नाही. आज मात्र कण्याला इजा झालेली माणसे अशा यंत्राने उभी राहून चालतात. आपल्या कर्नाटकातच, बेंगळूरु येथील संरक्षण खात्याच्या डेबेल प्रयोगशाळेत, सैनिकांसाठी यावर काम झाले आहे. तेव्हा ही गोष्ट फार दूरची आहे असे समजू नये.

अमित गोफर हे इस्राएलचे अभियंते. १९९७ च्या अपघातात त्यांचे हातपाय निकामी झाले. त्यांनी रीवॉक नावाचा यंत्रसांगाडा तयार केला आणि २०१४ साली अमेरिकन सरकारने तो घरी वापरण्यास मान्यता दिली. पण तो वापरणाऱ्याला कुबड्या धराव्या लागतात, म्हणजे हात शाबूत हवेत; त्यामुळे स्वतः गोफर यांना त्याचा उपयोग होईना. शिवाय उंची साधारण १६० ते १९० सेंटिमीटर आणि वजन १०० किलोपर्यंत अशी मर्यादा. भालकी किंवा आळंदच्या आपल्या किती भगिनी या मापात बसतील? शौल इतर सर्व लोकांपेक्षा खांद्यापासून वर उंच होता, हे शास्त्र आधीच सांगून ठेवते. त्याच्या मापाचे चिलखत मेंढपाळाच्या पोराला कसे यावे?

माप म्हणजे केवळ उंची नव्हे, जगण्याची रीतही. १९६८ साली जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट तयार केला. परदेशी पायाला बूट लागे. या पायाने माणूस उकिडवा बसू लागला, मांडी घालू लागला, अनवाणी चिखलात जाऊ लागला. रामचंद्र शर्मांचे शालेय शिक्षण फार झालेले नव्हते, पण आपली माणसे कशी बसतात हे त्यांना ठाऊक होते. माझ्या मते कोणत्याही नव्या यंत्राला पहिला प्रश्न हाच विचारावा : हे घालून आमचा माणूस जेवावयास कसा बसणार?

आता कायद्याचा विचार. यंत्राने चुकीचे पाऊल टाकले आणि माणूस पडला तर दोष कोणाचा? अनुवादात आज्ञा आहे की नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल. माळवदाच्या घरात वाढलेल्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. पडणाऱ्याने जपून चालावयास हवे होते, ही सबब तेथे चालत नाही. आपल्या देशातील २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही सदोष वस्तूमुळे झालेल्या इजेबद्दल बनविणाऱ्याकडून भरपाई मागता येते. रचनेतील दोष आणि अपुऱ्या सूचना हेही त्यात येतात.

दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. २०२४ साली अमेरिकेत एका माजी घोडेस्वाराच्या यंत्रसांगाड्याच्या मनगटी घड्याळातील तार निघाली. यंत्रासाठी सुमारे एक लाख डॉलर खर्च झाले होते. बिघाड किरकोळ होता. पण पाच वर्षांहून जुने यंत्र आम्ही दुरुस्त करीत नाही, असे कंपनीने सांगितले. वर्तमानपत्रांत बोभाटा झाल्यावर काम झाले. बोभाटा करणारा ज्याला मिळत नाही त्याने काय करावे? जाते किंवा त्याची वरची तळी गहाण घेऊ नये, कारण ते माणसाचा जीवच गहाण घेणे आहे, असे मोशेचे नियमशास्त्र म्हणते. ज्याच्या आधारे माणूस उभा राहतो ते यंत्र हप्ता थकला म्हणून उचलून नेणे, किंवा सुटा भाग न देता निकामी करणे, यांत आणि जाते उचलून नेण्यात मला तरी फरक दिसत नाही.

यंत्र केवळ अपंगांसाठीच आहे असे नाही. २०१८ साली फोर्ड मोटार कंपनीने सात देशांतील पंधरा कारखान्यांत, डोक्यावर हात धरून काम करणाऱ्या कामगारांसाठी हातांना आधार देणारी जाकिटे आणली. खांदे दुखू नयेत हा हेतू चांगलाच. पण असे जाकीट उद्या कलबुर्गीच्या तूरबाजारातील हमालाच्या किंवा सिमेंटची ५० किलोची गोणी उचलणाऱ्याच्या अंगावर आले, तर त्याची पाठ वाचेल की त्याच्याकडून दुप्पट गोण्या उचलून घेतल्या जातील? फारोने पेंढा देणे बंद केले आणि विटांची संख्या तीच ठेवली. येथे मालक पेंढा देऊन विटांची संख्या वाढवील. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने नेहमी वाहावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचविली ती माणसाच्या हाडांकडे पाहून. यंत्र घातले तरी आतली हाडे तीच असतात. शिवाय काही यंत्रे वापरणाऱ्याच्या हालचालींची नोंद ठेवतात. हमाल किती वेळ टेकला हे मुकादमाला कळावे का, आणि हमालाला ‘मी हे घालणार नाही’ म्हणता यावे का? दावीदाला राजासमोर म्हणता आले.

बेथेस्दा तळ्यापाशी अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाला प्रभू येशू आधी विचारतो, तुला बरे व्हावयाचे आहे काय? प्रभूला उत्तर ठाऊक नव्हते असे थोडेच आहे! तरी त्याने विचारले. आपण मात्र प्रार्थनासभांत चाकाच्या खुर्चीवरील माणसाला न विचारताच पुढे ओढतो, आणि तो उठला नाही तर त्याच्या विश्वासाला नावे ठेवतो. यंत्र आले म्हणजे ‘आता तरी उभा राहा’ असा आग्रह होईल. डॉ. मेरी वर्गीस यांना १९५४ च्या अपघातानंतर चालता आले नाही. त्यांनी वेल्लोर येथे खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. मफीबोशेथ दोन्ही पायांनी पांगळाच राहिला, तरी राजाच्या पंक्तीला त्याचे पान रोज मांडले जाई.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा एकवीस प्रकारची अपंगत्वे मानतो आणि सार्वजनिक जागा सर्वांना जाण्यायेण्याजोग्या असाव्यात असे सांगतो. लाखोंच्या यंत्राला पायरी चढता येईल की नाही हा पुढचा प्रश्न. उतरंडीला सिमेंटची दोन-चार पोतीही पुरतात.

शिक्षकांना सूचना : दावीदाचा भाग वर्गातील दोघांकडून संवादरूपाने वाचून घ्यावा. मग हमाली, वीटभट्टी किंवा उसाच्या तोडीवर काम केलेल्या एखाद्या बंधूला विचारावे की असे यंत्र मिळाले तर तो कोणत्या अटी घालील. त्या फळ्यावर लिहाव्यात. पुढील रविवारी वर्गाने आपल्या उपासनामंदिराच्या पायऱ्या मोजून याव्यात, आणि मंडळीत काठी किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्या व्यक्तीस, तिची हरकत नसेल तर, कोणती अडचण आधी दूर व्हावी हे विचारून पंच कमिटीला कळवावे.