एक महिना अर्ध्या मिनिटात

जुन्नरहून शिवनेरी चढताना सात दरवाजे ओलांडून शिवजन्मस्थानापर्यंत पोचायला आपल्याला पाऊण-एक तास लागतो. चित्रपटातला नायक मात्र पहिल्या पायरीवर पाऊल ठेवतो आणि दुसऱ्याच क्षणी वर पोचलेला दिसतो. तरी ‘हा उडत गेला की काय?’ असे कोणी विचारत नाही. असे का?

पडद्यावर दर सेकंदाला २४ स्थिर चित्रे एकामागून एक येतात आणि आपल्याला अखंड हालचाल भासते. ती चित्रे किती वेळाने टिपली, हे पडद्याला ठाऊक नसते. दादासाहेब फाळके यांनी हेच हेरले. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी भांडवल मिळवायचे होते. म्हणून १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा लावून त्याची वाढ कित्येक दिवस थोडी थोडी टिपली. पडद्यावर रोप बघता बघता वाढले!

आता हिशेब करू. समजा, दर तासाला एक चित्र टिपले. दिवसाची २४ चित्रे म्हणजे पडद्यावर १ सेकंद. ३० दिवसांची ७२० चित्रे ३० सेकंदांत संपतील. महिना अर्ध्या मिनिटात!

ही झाली कॅमेऱ्याची करामत. कात्रीची करामत संकलकाची. चढाईच्या सलग चित्रणातला मधला तुकडा कापून टोके जोडली, तर नायक भुतासारखा एकदम पुढे सरकतो. म्हणून संकलक सांध्यात दुसरे दृश्य घालतो : हत्ती दरवाजा, किंवा दमलेली पावले. मधली चढाई आपले मनच पुरी करते. मात्र सदरा तोच हवा. तो बदलला, की आपण दिवस बदलला असे समजतो.

वेळ लांबवताही येतो. आयझेनस्टाईनने ‘बॅटलशिप पोटेमकिन’मध्ये (१९२५) ओडेसाच्या जिन्यावरचा प्रसंग अनेक तुकड्यांत दाखवला. त्यामुळे जिना संपता संपत नाही.

करून पहा : भिजवलेली मटकी ओल्या फडक्यावर पसरा. मोबाईल एकाच जागी ठेवून दर अर्ध्या तासाला एक, अशी २४ छायाचित्रे घ्या आणि ती भराभर सरकवा. मग मधली ८ वगळून पुन्हा पहा. सांधा कोठे खटकतो?

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बातमीपटात दोन दृश्ये लागोपाठ दिसली, म्हणून त्या घटना लागोपाठच घडल्या असे नव्हे. पडद्यावरचे घड्याळ संकलकाच्या हाती असते.