गाजरगवत, इसब आणि सोरायसिस

पावसाच्या पहिल्या सरी पडून गेल्या की पुणे शहरातील रिकाम्या भूखंडांवर, रेल्वेमार्गाच्या कडेने, मुळा-मुठेच्या काठांवर आणि बांधकामासाठी खणलेल्या जागांभोवती गाजराच्या पाल्यासारखी पाने असलेले एक झुडूप झपाट्याने वर येते. महिन्याभरातच त्यावर बारीक पांढरी फुले दिसू लागतात. या फुलांमुळे लोकांनी त्याला ‘चटकचांदणी’ असे गोड नाव दिले. गाजरगवत किंवा काँग्रेस गवत या नावांनीही ते सर्वत्र परिचित आहे. वनस्पतिशास्त्रात त्यास ‘पार्थेनियम हिस्टेरोफोरस’ म्हणतात. हे नाव जितके गोड, तितकाच त्या वनस्पतीचा सहवास काही माणसांच्या त्वचेला कडू ठरला आहे.

पुण्याचा अनुभव

गाजरगवत मूळचे उष्ण कटिबंधातील अमेरिकेचे. पन्नाशीच्या दशकात आयात झालेल्या गव्हाबरोबर त्याचे बी या देशात आले व पसरले, असे सामान्यतः मानले जाते. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात आढळल्याची नोंद झाली आणि त्यानंतरच्या दोन दशकांत ते देशभर फोफावले. पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञांकडे याच काळात एका विशिष्ट तक्रारीचे रुग्ण वाढू लागले. पापण्या सुजलेल्या, चेहरा व मान लाल होऊन पुढे काळवंडलेली, कोपराच्या आतील बाजूस खाजरे, जाड चट्टे. म्हणजे अंगाचा जो भाग कपड्याबाहेर उघडा राहतो तेथेच विकार अधिक. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी मिचेल व कॅलनन या परदेशी तज्ज्ञांसमवेत १९७४ साली या विकाराविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि गाजरगवतामुळे होणाऱ्या इसबाकडे वैद्यकीय जगताचे लक्ष वेधले गेले.

या गवतात ‘पार्थेनिन’ नावाचे द्रव्य असते. पानाखोडावरील सूक्ष्म लव आणि वाळलेल्या पाल्याचा चुरा वाऱ्याबरोबर उडतो. त्यामुळे झाडाला हात न लावणाऱ्या माणसालाही त्रास होऊ शकतो. हा विकार पहिल्याच स्पर्शाने होत नाही. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे संपर्क आल्यानंतर काही व्यक्तींचे शरीर त्या द्रव्याविरुद्ध प्रतिक्रिया देऊ लागते. एकदा जडलेली ही संवेदनशीलता बहुधा आयुष्यभर टिकते. अशा काही रुग्णांना शेवंती, सूर्यफूल यांसारख्या त्याच कुळातील वनस्पतींचाही त्रास होतो.

इसब म्हणजे काय?

इसब म्हणजे त्वचेचा दाह. प्रारंभी लाली, बारीक पुरळ, पाणी सुटणे व तीव्र खाज. पुढे खाजवून खाजवून त्वचा जाड, काळसर व भेगाळलेली होते. गाजरगवत हे त्याचे एक कारण झाले. सिमेंट, रबर, निकेलचे दागिने, केसांचा कलप, कपडे-भांड्यांचे साबण ही इतर परिचित कारणे होत. लहान मुलांमध्ये आढळणारा इसब मात्र बहुधा उपजत प्रवृत्तीचा असतो. अशा कुटुंबात दमा किंवा वारंवार शिंका येण्याचा विकारही दिसून येतो.

कोणत्या पदार्थाचे वावडे आहे हे ठरविण्यासाठी ‘पॅच’ चाचणी उपयोगी पडते. संशयित द्रव्ये अल्प प्रमाणात पाठीवर चिकटपट्टीने बांधतात, दोन दिवसांनी पट्टी काढून त्वचेचे निरीक्षण करतात आणि पुढील एकदोन दिवसांत पुन्हा पाहतात. कारण सापडले की उपचाराची निम्मी वाट सरते.

सोरायसिसची गोष्ट वेगळी

वरवर पाहता सोरायसिसही त्वचेचाच चट्टा. परंतु त्याचे मूळ बाहेर नसून शरीराच्या संरक्षण यंत्रणेत आहे. निरोगी त्वचेतील पेशी तळातून वर येऊन गळून पडण्यास सुमारे चार आठवडे लागतात. सोरायसिसमध्ये हाच प्रवास अवघ्या काही दिवसांत घडतो. त्यामुळे अपक्व पेशींचे थर साचून कोपर, गुडघे, कंबर व डोक्याच्या त्वचेवर स्पष्ट कडा असलेले, चंदेरी कोंड्याने झाकलेले लाल चट्टे उठतात. नखांवर खळगे पडतात. काही रुग्णांचे सांधेही सुजतात. सांधेदुखीकडे वेळीच लक्ष न दिल्यास सांधे कायमचे बिघडू शकतात.

आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या व्यक्तीत घशाचा संसर्ग, त्वचेची इजा, मानसिक ताण, धूम्रपान, मद्यपान किंवा काही औषधे यांमुळे हा विकार उफाळून येतो. जागतिक आरोग्य परिषदेने २०१४ साली सोरायसिसविषयी स्वतंत्र ठराव करून हा दीर्घकालीन, वेदनादायक व असंसर्गजन्य विकार असल्याचे नमूद केले आणि रुग्णांना भोगाव्या लागणाऱ्या सामाजिक बहिष्काराकडे सदस्य राष्ट्रांचे लक्ष वेधले.

स्पर्शाने न पसरणारे विकार

इसब आणि सोरायसिस यांच्या कारणांत अंतर असले तरी एका बाबतीत दोहोंचे साम्य आहे. एकाही विकाराची लागण दुसऱ्यास होत नाही. रुग्णाशेजारी बसल्याने, त्याच्या हातचे जेवल्याने वा त्याचा टॉवेल वापरल्याने हे विकार जडत नाहीत. तरीही वर्गात मुलाला वेगळ्या बाकावर बसविणे, स्वयंपाकाच्या कामावरून बाईस दूर करणे, सोयरीक मोडणे असे प्रकार घडतात. चट्ट्यांपेक्षा ही वागणूकच रुग्णास अधिक सलते.

गैरसमजाचे एक कारण असे की, खरूज आणि गजकर्ण हे खरोखरच संसर्गजन्य विकार यांच्यासारखेच दिसतात. खरजेत रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत पुरळ येते आणि घरातील अनेकांना एकाच वेळी त्रास होतो. गजकर्णाचा चट्टा कडेने वाढत जाणारा, वर्तुळाकार असतो. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा स्पर्श जाणवत नाही. त्यासाठी शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य औषधोपचार मिळतो. तथापि निदान शिक्षकाने वा शेजाऱ्याने करावयाचे नसून डॉक्टरांनी करावयाचे आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा व अंगणवाड्यांतील मुलांची जी तपासणी होते, तीत खरूज, बुरशीचे विकार व इसब यांचाही समावेश आहे. शिक्षकांनी अशी मुले पथकाच्या नजरेस आणून द्यावीत, मात्र ते वर्गासमोर बोट दाखवून नव्हे.

उपचार आणि दैनंदिन दक्षता

दोन्ही विकारांच्या उपचाराचा पाया साधा आहे. कोमट पाण्याने थोडक्यात स्नान करावे. साबण सौम्य असावा, अंग घासू नये. त्वचा ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा डॉक्टरांनी सांगितलेले स्निग्ध मलम लावावे. नखे कापलेली असावीत. पुण्याच्या कोरड्या हिवाळ्यात सोरायसिसचे चट्टे व मुलांचा इसब वाढण्याची शक्यता असल्याने त्या दिवसांत हे काम दिवसातून अनेक वेळा करावे लागते.

यापुढील उपचार तज्ज्ञाच्या सल्ल्याने करावयाचे. इसबात दाह शमविणारी मलमे, क्वचित पोटात घ्यावयाची औषधे देतात. सोरायसिसमध्ये कोलटार, सॅलिसिलिक आम्ल, जीवनसत्त्व ‘ड’पासून तयार केलेली मलमे, अतिनील किरणांचे नियंत्रित उपचार, मेथोट्रेक्सेट आणि अलीकडील जैविक इंजेक्शने उपलब्ध आहेत. मेथोट्रेक्सेट हे सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे औषध आहे. चुकून ते रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. वार ठरवून तो औषधाच्या पाकिटावर लिहून ठेवणे हिताचे होय. ससूनसारख्या शासकीय रुग्णालयातील त्वचारोग विभागात या विकारांची तपासणी व उपचार होतात.

सर्वांत मोठा धोका परस्पर घेतलेल्या मलमांचा आहे. औषधांच्या दुकानातून मागून आणलेल्या अनेक ‘खाजेच्या मलमां’त तीव्र स्टेरॉइड असते. दोन दिवसांत आराम पडतो म्हणून ते महिनोन्‌महिने लावले जाते. परिणामी त्वचा पातळ होते, चेहरा लालबुंद होतो आणि गजकर्णावर ते लावल्यास बुरशी अधिकच पसरते. २०१८ साली केंद्र शासनाने अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली, ती याच कारणास्तव. सोरायसिसच्या रुग्णाने स्टेरॉइडच्या गोळ्या वा इंजेक्शने घेऊन ती एकाएकी थांबविल्यास विकार सर्वांगावर भडकण्याचा संभव असतो. ‘मुळापासून बरे करू’ अशा जाहिरातींची भूल पडू देऊ नये. सोरायसिस नाहीसा करणारे औषध आज नाही. पण त्यास दीर्घकाळ आटोक्यात ठेवणारी औषधे निश्चित आहेत.

श्रमदान करताना

पंचायती, नगरपालिका आणि शाळा पावसाळ्यात गाजरगवत निर्मूलनाची मोहीम आखतात. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर गाजरगवत जागृती सप्ताहही पाळला जातो. हेतू स्तुत्य आहे. परंतु उघड्या हातांनी गवत उपटणारी मुलांची रांग हे दृश्य कौतुकाचे नव्हे. ज्या संपर्कातून पुढे आयुष्यभराचा इसब जडू शकतो, तोच संपर्क अशा वेळी घडतो. यास्तव लहान मुलांना या कामास लावू नये. प्रौढांनी रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे व नाकातोंडावर रुमाल वापरावा. काम झाल्यावर स्नान करून कपडे वेगळे धुवावेत. दमा किंवा इसब असलेल्यांनी या कामापासून दूर राहावे.

गवत फुलावर येण्यापूर्वीच, जमीन ओली असताना मुळासकट काढावे. एका झाडापासून हजारो बिया तयार होतात आणि त्या जमिनीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. फुलोऱ्यानंतर उपटलेले गवत ओढत नेणे म्हणजे बी पेरीत जाणेच होय. १९८३ साली मेक्सिकोहून बंगळूरला आणलेला व पुढे मुक्त वातावरणात सोडण्यात आलेला भुंगा या गवताची पाने खातो. मोकळी झालेली जागा टाकळ्यासारख्या वनस्पतींनी व्यापली, तर गवतास पुन्हा डोके वर काढणे कठीण जाते.

गाजरगवत काढल्याने सोरायसिस बरा होणार नाही, हे स्पष्ट असावे. मात्र एका बाजूने गावाची मोकळी जागा स्वच्छ राखली आणि दुसऱ्या बाजूने चट्टे असलेल्या मुलास वर्गात इतरांच्या बरोबरीने बसविले, तर दोन्ही विकारांच्या रुग्णांचे निम्मे दुःख हलके होईल. उरलेल्यासाठी डॉक्टर आहेत. ही दोन कामे मात्र शाळेची, पंचायतीची आणि शेजाऱ्यांची आहेत.